न उघडणारी चित्रफीत आणि रूपांतराची घाई

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर मोबाइल आणि संगणक दुरुस्त करून देणाऱ्या एखाद्या दुकानात संध्याकाळी तासभर उभे राहावे. पडदा फुटला, बॅटरी फुगली या नेहमीच्या गाऱ्हाण्यांच्या जोडीला आणखी एक गाऱ्हाणे हमखास कानी पडते : ‘व्हिडिओ उतरवून घेतला, पण चालत नाही.’ कोणाला आवाज येतो, चित्र येत नाही. कोणाचे चित्र हिरव्या-जांभळ्या चौकटींत फुटते. कोणाला ‘या प्रकारची फाइल उघडता येत नाही’ एवढाच कोरडा निरोप मिळतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते, ‘कन्व्हर्ट करून देतो.’ पंधरा मिनिटांत नवी फाइल मिळते, जुनी फाइल ‘जागा अडवते’ म्हणून पुसली जाते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. प्रश्न सुटला असे दोघांनाही वाटते. पुष्कळदा तो तेथेच कायमचा बिघडलेला असतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा विषय हौशी मंडळींपुरता होता. चित्रपट, गाणी, क्रिकेटच्या सामन्यांचे तुकडे उतरवून घेतले जात. एखादी फाइल चाललीच नाही, तर दुसरीकडून पुन्हा मिळवता येत असे. आज सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्रण, पोलिसांनी घेतलेल्या झडतीची चित्रफीत, परदेशातील मुलाने पाठवलेला नातवाच्या बारशाचा सोहळा, हे सारे बहुधा एकाच प्रतीत अस्तित्वात असते. त्यातच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी चित्रणाला तपासाच्या अगदी मध्यभागी आणून बसवले आहे. तेव्हा फाइल का उघडत नाही, आणि ती उघडण्यासाठी आपण तिचे काय करतो, हा केवळ तांत्रिक किरकिरीचा विषय राहिलेला नाही.

मुळात दोष कोठे असतो हे समजून घेतले पाहिजे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील यजमानांच्या जुन्या वह्यांत मोडी लिहिलेली आढळते. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी न येणाऱ्याच्या दृष्टीने ती वही मुकी. न चालणाऱ्या बहुतेक चित्रफितींचे नेमके हेच झालेले असते. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसणारी एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही ही अक्षरे म्हणजे वहीचा पुठ्ठा आणि बांधणी. आतील चित्र कोणत्या लिपीत उतरवले आहे, हे त्या पुठ्ठ्यावरून कळत नाही. ही लिपी म्हणजे ‘कोडेक’. तिची गरज का, तर पूर्ण एचडी चित्राचे एक सेकंद न दाबता साठवायचे म्हटले, तर सुमारे १५५ मेगाबाइट जागा लागेल. म्हणून चित्र दाबून भरावे लागते आणि दाबण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये आली, तिच्या निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र बसवू पाहणारी एच.२६५ २०१३ मध्ये, तर एव्ही-१ २०१८ मध्ये. तिन्हींची फाइल ‘एमपी-४’ याच नावाने आपल्यासमोर येऊ शकते. शेजाऱ्याची एमपी-४ फाइल चालते आणि आपली चालत नाही, यामागचे रहस्य एवढेच. फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून पाहण्याचा उपाय अनेक जण करतात. पुठ्ठा बदलल्याने मोडीची देवनागरी होत नाही.

अर्थात प्रत्येक वेळी दोष लिपीचाच असतो असेही नाही. सर्वांत आधी फाइलचा आकार पाहावा. दोन तासांचा कार्यक्रम म्हणून उतरवलेली फाइल काही किलोबाइटांचीच असेल, तर ती चित्रफीत नसून संकेतस्थळाचे एखादे पान चुकीच्या नावाने उतरले आहे असे खुशाल समजावे. मोठी फाइल अर्ध्यावर तुटली असेल, तर तिचे रूपांतर करण्यात अर्थ नाही. ती पुन्हा उतरवून घेणे हाच उपाय. पेनड्राइव्हचा एक जुना रोग तर अजूनही लोकांना छळतो. ‘फॅट-३२’ या पद्धतीने सिद्ध केलेल्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकसंध फाइल बसतच नाही. संगणक तसे सांगतो. पण ‘जागा तर भरपूर आहे’ म्हणून तो निरोप दुर्लक्षिला जातो आणि मग पेनड्राइव्हला दोष दिला जातो.

याहून हृदयद्रावक प्रकार म्हणजे चित्रण सुरू असतानाच बॅटरी संपणे. एमपी-४ फाइलमध्ये कोणते चित्र कोठे आहे, याची एक अनुक्रमणिका असते आणि अनेक कॅमेरे व फोन ती चित्रण थांबवल्यानंतर, सर्वांत शेवटी लिहितात. मध्येच बॅटरी गेली, की मंगलाष्टकांपासून वरातीपर्यंतचे सारे चित्र फाइलमध्ये असते. नसते ती फक्त अनुक्रमणिका. फाइलचा आकार दोन-तीन गिगाबाइट, आणि तरी ती उघडायला साफ नकार देते. अशी फाइल मेलेली नसते. त्याच यंत्राने, तशाच मांडणीत घेतलेली दुसरी धडधाकट चित्रफीत नमुना म्हणून समोर ठेवून हरवलेली अनुक्रमणिका पुन्हा रचणारी ‘अनट्रंक’सारखी मोफत साधने उपलब्ध आहेत. दरवेळी यश येतेच असे नाही, पण पुष्कळदा येते. मात्र त्यासाठी मूळ फाइल जागेवर असावी लागते. दुरुस्तीच्या दुकानात नेमकी तीच ‘बाद’ म्हणून पुसली जाते.

लिपीचा प्रश्न निव्वळ तांत्रिक असता, तर तो केव्हाच मिटला असता. मिटत नाही, कारण लिपीवर मालकी आहे. एच.२६५ मधील पेटंटे अनेक कंपन्यांची असून त्यांचे परवाने देणारे गटही एकाहून अधिक आहेत. यंत्र बनवणाऱ्याने प्रत्येक यंत्रामागे पैसे मोजायचे, ही त्यामागची व्यवस्था. त्यामुळे विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एच.२६५ उलगडणारी जोडणी सरसकट मिळत नाही. ती पुष्कळदा वेगळी, थोडे शुल्क भरून घ्यावी लागते. इकडे अॅपलने २०१७ पासून आपल्या आयफोनांत याच पद्धतीने चित्रण साठवायला सुरुवात केली. म्हणजे सॅन होजेहून मुलाने आयफोनवर घेतलेले चित्रण पाठवायचे आणि इंदिरानगरमधील वडिलांच्या संगणकावर काळा पडदा दिसायचा! २०२५ च्या अखेरीस तर एचपी आणि डेल या कंपन्यांनी आपल्या काही व्यावसायिक लॅपटॉपांतील एच.२६५ उलगडण्याची यांत्रिक सोयच बंद ठेवल्याचे उघड झाले. चिप समर्थ, पण तिचा वापर नको, कारण परवान्याचा खर्च नको. या कटकटीला कंटाळूनच गुगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, नेटफ्लिक्स प्रभृती कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन विनामूल्य पद्धतीचा घाट घातला आणि त्यातून एव्ही-१ आली. तीही जुन्या यंत्रांवर चालताना धापा टाकते, हा भाग वेगळा.

सामान्य माणसाच्या हाती यावर एक सोपा इलाज आहे, आणि तो मोफत आहे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ‘व्हीएलसी’ हा प्लेअर जन्मला आणि २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. जवळजवळ सर्व लिप्या वाचण्याची विद्या तो स्वतःबरोबर बाळगतो; वेगळे काही बसवावे लागत नाही. न चालणारी फाइल प्रथम त्यात उघडून पाहावी. तेथे ती चालली, तर फाइल निर्दोष असून आपल्या यंत्रालाच ती लिपी येत नव्हती, हे सिद्ध होते. निदान इतके सोपे असताना आपल्याकडे त्याचे काय झाले? २०२२ च्या फेब्रुवारीपासून या प्लेअरचे अधिकृत संकेतस्थळ भारतातील असंख्य ग्राहकांसाठी बंद झाले. सरकारने कारण जाहीर केले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये संस्थेने दूरसंचार व माहिती-तंत्रज्ञान खात्यांना कायदेशीर नोटीस धाडली, तेव्हा कोठे नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. खुद्द प्लेअरवर बंदी नव्हती. बंद होते ते अस्सल प्रत मिळण्याचे ठिकाण. परिणाम व्हायचा तोच होणार. माणसे भलत्याच संकेतस्थळांवरून भलत्याच प्रती उतरवून घेणार, आणि त्यांतून काय काय आत येईल याचा नेम नाही.

जुन्या चित्रणांची कथा निराळी आहे. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास नाशिककरांच्या घरोघरी लग्न-मुंजींच्या व्हीसीडी येत होत्या. ३५२ बाय २८८ बिंदूंचे ते चित्र आजच्या पडद्यावर टिकलीएवढे दिसते, आणि तबकडीतील फाइल ‘डॅट’ या नावाची असल्याने आजचा फोन तिला ओळखही देत नाही. प्रस्तुत लेखकाकडील अशीच एक तबकडी दोन दुकानांनी ‘करप्ट’ म्हणून परत केली होती. व्हीएलसीमध्ये ती पहिल्या प्रयत्नात उघडली आणि वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजीचा आवाज घरात पुन्हा ऐकू आला. डीव्हीडीच्या बाबतीत लोक वेगळी चूक करतात. तिच्यातील चित्रण साधारण एकेक गिगाबाइटच्या ‘व्हॉब’ तुकड्यांत विभागलेले असते. त्यांतला एकच तुकडा उचलून आणायचा आणि कार्यक्रम अर्धवट आहे म्हणून हळहळायचे! संपूर्ण फोल्डर उतरवून घेतले पाहिजे, आणि तेही लवकर. घरी लिहिलेल्या तबकड्यांवरचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उन्हाने हळूहळू उडतो. एकदा तो गेला, की मात्र कोणताही प्लेअर कामाचा नाही.

एका प्रकारच्या फाइलींवर मात्र कोणताही इलाज करायला जाऊ नये. ओटीटी अॅपमधून ‘डाउनलोड’ केलेला चित्रपट फोनच्या साठवणीत सापडला, तरी बाहेर काढून चालत नाही. तो बिघाड नसून कुलूप आहे. ग्राहकाने चित्रपट विकत घेतलेला नसतो, पाहण्याची परवानगी घेतलेली असते, आणि परवानगीची मुदत संपली की फाइल तेथेच असूनही निरुपयोगी ठरते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप मोडणे हा २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५-अ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ‘डाउनलोड’ या शब्दाने ग्राहकाची जी समजूत होते, तिच्याबद्दल कंपन्यांनी अधिक स्पष्ट बोलावयास हवे, हे खरेच.

आता रूपांतराकडे वळू. दाबलेले चित्र उलगडून दुसऱ्या पद्धतीने पुन्हा दाबले, की त्यातील थोडा तपशील जातोच. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा हा प्रकार. लग्नाच्या चित्रणात हे खपून जाईल. पण वाहनाच्या पाटीवरचा आकडा ३ आहे की ८, असा प्रश्न असेल, तेथे गेलेला तपशील परत येत नाही. त्यातही गंमत अशी, की पुष्कळ वेळा रूपांतराची गरजच नसते. आतील लिपी यंत्राला येत असते, फक्त पुठ्ठा अनोळखी असतो. अशा वेळी ‘एफएफएमपेग’ या २००० मध्ये सुरू झालेल्या खुल्या साधनाने आतील चित्राला धक्का न लावता नुसते वेष्टन बदलता येते. तासाभराच्या चित्रफितीला त्यासाठी काही सेकंद पुरतात. आत कोणती लिपी आहे, हे ‘मीडियाइन्फो’ हा छोटा मोफत प्रोग्रॅम सांगतो. हे दोन्ही न पाहता थेट रूपांतराला हात घालणे म्हणजे ताप मोजण्याआधीच शस्त्रक्रिया करणे होय. इंटरनेटवरील ‘मोफत कन्व्हर्टर’ तर शक्यतो टाळावेतच. त्यांतील काहींच्या आडून संगणकात घातक प्रोग्रॅम सोडले जात असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये दिला होता. शिवाय घरातील खासगी चित्रण कोणा अज्ञाताच्या संगणकावर चढवावे लागते, ते वेगळेच.

मूळ जपण्याचे महत्त्व नाशिकला कोणी वेगळे सांगावे? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली ती याच शहरात. त्यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज शिल्लक आहेत; तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे फाळक्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी. तोवर नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिती जळाल्या, विरघळल्या किंवा टाकून दिल्या गेल्या होत्या. आज कोणतेही जबाबदार संग्रहालय जुन्या फितीची कितीही उत्तम अंकीय प्रत तयार झाली, तरी मूळ फीत फेकून देत नाही. उद्या अधिक चांगले यंत्र येईल, तेव्हा पुन्हा मुळाकडेच जावे लागते, हे तेथे गृहीत असते.

घराघरांतील आठवणींपेक्षाही हा प्रश्न न्यायालयात अधिक जड होतो. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप मतमोजणीवर नव्हता. २७ सप्टेंबर २०१४ रोजी उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यानंतर स्वीकारला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या दिवशी कॅमेरे सुरू होते. ते चित्रण व्हीसीडींच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आले. चित्र होते, वेळ दिसत होती. नव्हते ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारे प्रमाणपत्र. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून २०१७ मध्ये निवडणूक रद्दबातल ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम पक्का केला. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही; प्रत सादर करायची असेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य. खोतकरांचे अपील इतर पुराव्यांच्या बळावर फेटाळले गेले. निकाल देशभर गाजला तो मात्र मूळ आणि प्रत यांतील या भेदामुळे.

नव्या भारतीय साक्ष अधिनियमाने हा नियम आणखी कडक केला आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते आणि तज्ज्ञाची स्वाक्षरीही लागते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेला अंक, तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. फाइलमधील एक बिंदू बदलला, तरी ठसा बदलतो. म्हणजे दुकानदाराने सद्हेतूने ‘कन्व्हर्ट’ केलेली फाइल कायद्याच्या दृष्टीने वेगळीच फाइल ठरते, आणि मूळ पुसलेले असेल, तर पडताळायला काही उरत नाही. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओही वाटेत पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तरच फाइल जशीच्या तशी पोहोचते. कितीजणांना हे ठाऊक असते? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे पोलिसांना बंधनकारक झाले आहे. यापुढे असे चित्रण प्रत्येक तालुक्यात रोज होत राहणार.

सीसीटीव्हीची अवस्था याहून गुंतागुंतीची. अनेक डीव्हीआर यंत्रे आपले चित्रण ‘डॅव्ह’सारख्या स्वतःच्या वेष्टनात बाहेर काढतात आणि ते पाहण्यासाठी त्याच कंपनीचा प्लेअर लागतो. चोरी झाल्यावर सोसायटीचा सचिव फाइल पेनड्राइव्हवर घेतो, ती घरी उघडत नाही, म्हणून तो सरळ डीव्हीआरच्या पडद्यासमोर फोन धरून चित्रण करतो आणि ते गटावर टाकतो. दरम्यान डीव्हीआर आपल्या रिवाजाप्रमाणे जुन्या चित्रणावर नवे लिहीत राहतो. काही आठवड्यांनी मूळ नाहीसे होते आणि हाती उरते ते पडद्याचे हलते छायाचित्र. अशा प्रसंगी न उघडणारी फाइलच, तिच्या कंपनीच्या प्लेअरसह, दोन ठिकाणी जपून ठेवावी. पोलिसांनाही तीच द्यावी. पाहण्यासाठी सोयीची प्रत लागली, तर ती खुशाल करावी, पण मुळाच्या जोडीला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रण शक्यतो अठरा महिने, आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. वर्षभर जपलेले चित्रण बाहेर काढताना कोणत्या लिपीत निघेल आणि ते वाचणारा प्लेअर तेव्हा मिळेल का, याची तजवीज खरेदीच्याच वेळी करावी लागते.

खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी २०१० मध्येच जाहीर केले होते. सरकारी माहिती कोणा एका कंपनीच्या कुलपात अडकू नये, हाच त्यामागचा हेतू. कॅमेऱ्यांची खरेदी करताना निविदेत मेगापिक्सेल किती, रात्री दिसते का, साठवण किती दिवसांची, हे बारकाईने विचारले जाते. चित्रण कोणत्याही सामान्य प्लेअरमध्ये उघडेल अशा वेष्टनात, त्याच्या हॅशसह बाहेर काढता आले पाहिजे, ही एक ओळ त्याच निविदेत घालायला अधिक पैसा लागत नाही. नाशिकसमोर २०२७ चा सिंहस्थ आहे आणि त्यासाठी २०२५ मध्ये कुंभमेळा प्राधिकरणही स्थापन झाले आहे. रामकुंड, काळाराम मंदिराचा परिसर, त्र्यंबकेश्वरचा कुशावर्त येथे गर्दीवर कॅमेऱ्यांची नजर असणार, हे उघड आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत तिसांहून अधिक भाविकांचा जीव गेला आणि नेमके काय घडले, हे शोधण्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. जालन्याच्या एका दुपारच्या चित्रणावरचा अंतिम शब्द उमटायला जवळजवळ सहा वर्षे लागली. २०२७ मध्ये घेतलेले चित्रण २०३३ मध्ये कोणी मागितले, तर ते कोणत्या यंत्रावर उघडायचे, याचे उत्तर प्राधिकरणाने कॅमेरे खांबांवर चढण्यापूर्वी पुरवठादारांकडून लेखी घ्यावे.